नाणं अजून हाती यायचं आहे

सकाळी ६

दिवसाची सुरुवात वहीनं होते. जुनी नाणी, नोटा, रेल्वेची तिकिटं, टपालाची पाकिटं असा माझा व्यापार. परतवाड्यात सदर बाजारापासून जवळच पुढच्या खोलीत घड्याळदुरुस्ती आणि मागच्या खोलीत हा माल. वहीच्या डाव्या पानावर कपाटात असलेली वस्तू लिहायची, उजव्या पानावर यायची असलेली. डाव्या पानावरच्या वस्तूचा फोटो मी स्वतः काढतो आणि गिऱ्हाइकाला पाठवतो. उजव्या पानावरच्या वस्तूचा फोटो माझ्याकडून कुणाला जात नाही, मग ती उद्या सकाळी यायची असली तरी.

डिसेंबरचा दुसरा आठवडा आहे. बहिरमची जत्रा तोंडावर आल्यामुळे बैतूल रस्त्यानं पत्रे, बल्ल्या, मोठमोठ्या हंड्या घेऊन गाड्या चालल्यात. आरागिरण्या सुरू व्हायला अजून अवकाश आहे, म्हणून हा तास हिशेबाला बरा.

आज उजव्या पानावर तीन नोंदी आहेत. टांकसाळीकडे पैसे भरलेले स्मारक नाण्यांचे सेट. अमरावतीच्या एका संग्राहकानं द्यायचं कबूल केलेल्या सहाव्या जॉर्जच्या नोटा. आणि अचलपूरच्या एका घरातली शकुंतला रेल्वेची तिकिटं, जी मी अजून पाहिलेलीही नाहीत. तिन्हींना गिऱ्हाईक तयार आहे. मी नुसतं ‘हो’ म्हटलं तर चहा व्हायच्या आत तिन्हींचे पैसे खात्यात येतील. मी ते घेत नाही, आणि का घेत नाही हे दिवसभर वेगवेगळ्या माणसांना सांगत बसावं लागतं, कारण उजव्या पानावरचा माल डाव्या पानावरचा म्हणून विकायची रीत आता फार पसरली आहे. फोटो एकाचा, वस्तू दुसऱ्याची, पैसे तिसऱ्याच्या खात्यात.

सकाळी ८

नागपूरच्या जुन्या गिऱ्हाइकाचा फोन. “भाऊ, तो सेट येऊ राह्यला ना, त्यातला एक माह्यासाठी लावून द्या. पैसे आत्ताच टाकतो.”

हा सेट म्हणजे काय ते सांगायला हवं. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चार सरकारी टांकसाळी आहेत. एखाद्या थोर माणसाची जन्मशताब्दी, एखाद्या संस्थेची दीडशे वर्षं अशा निमित्तानं सरकार स्मारक नाणी काढतं. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाली म्हणून २०१० साली एक हजार रुपयांचं नाणं जाहीर झालं, नव्या संसद भवनाच्या उद्‌घाटनाला २८ मे २०२३ रोजी पंचाहत्तर रुपयांचं. ही मोठ्या किमतीची नाणी बाजारात सुट्या पैशांसारखी फिरत नाहीत. टांकसाळ ती डबीत किंवा फोल्डरमध्ये घालून विकते. ठरावीक मुदतीत बुकिंग उघडतं, पूर्ण पैसे आधी भरायचे, आणि सेट यायला महिनोन्‌महिने लागतात. म्हणजे खुद्द सरकारही अजून पाडलेलं नसलेलं नाणं विकतं. त्यात गैर काही नाही, कारण ते तसं सांगून विकतं, आणि नाणं पाडायचा अधिकार त्याच्याच हातात आहे.

माझ्या हातात मात्र पैसे भरल्याची पावती आहे, एवढंच. त्या पावतीच्या जोरावर आज चढ्या भावानं सेट विकणारे पुष्कळ आहेत. काही जण तर पावतीही नसताना विकतात. पुढं मुदतीत बुकिंग करू, नाहीतर दुसऱ्याकडून उचलू, असा त्यांचा हिशेब असतो.

नागपूरच्या भाऊंना मी दोन वाटा सांगितल्या. बुकिंग उघडेल तेव्हा त्यांच्याच नावानं करून देतो, टांकसाळीचा भाव त्यांचा आणि माझी मेहनत वेगळी, किती ते आधी सांगून. नाहीतर माझा सेट हाती येईपर्यंत थांबा, डबी उघडून पाहू, त्या दिवशीचा भाव त्या दिवशी ठरवू. भाऊ म्हणाले, तोवर भाव चढला तर? चढेल कदाचित. उतरेलही, टांकसाळीनं पुन्हा बुकिंग उघडलं तर हमखास उतरेल. आज वरचे पैसे घेऊन तो धोका त्यांच्या गळ्यात मला घालायचा नाही.

कायदा मात्र याला बंदी करत नाही, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. १९३० चा मालविक्री कायदा पुढं हाती येणाऱ्या मालाचा सौदा मानतो. त्याच्या सहाव्या कलमात एक बारकावा आहे. जो माल अजून तुमचा नाही तो तुम्ही ‘आज विकला’ असं म्हणालात, तरी कायदा त्याला विक्री धरत नाही, विकण्याचा करार धरतो. मालकी अजून हललेली नसते. गिऱ्हाइकाला वाटतं आपण नाणं घेतलं. त्यानं घेतलेलं असतं एक वचन. वचन विकायलाही हरकत नाही, पण मग पावतीवर ‘वचन’ असंच लिहिलं पाहिजे.

सकाळी साडेनऊ

दुकान उघडलं. शेजारी संत्र्याचा व्यापार करणारे भाऊ चहाला आले. त्यांचा सगळा धंदाच झाडावरच्या मालाचा. अचलपूर, चांदूर बाजार, मोर्शी, वरुडच्या पट्ट्यात बगीचा उक्ता घ्यायचा, शेतकऱ्याला इसार द्यायचा, आणि फळ तुटायच्या आधीच पुढच्या मंडीतल्या अडत्याशी बोलणं करून ठेवायचं. ते मला नेहमी म्हणतात, “माह्या हाती एक संत्रं नसते अन् मी ट्रकभर विकून बसतो. मंग मी चोर का?”

चोर नाही. वऱ्हाडात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे आणि त्याशिवाय शेतीचा गाडा चालला नसता. कापसाचं तेच. पण संत्रं आणि कापूस यांचा एक गुण आहे. या बगीच्यात गारपीट झाली तर दुसऱ्या बगीच्यातून त्याच प्रतीचा माल देता येतो. क्विंटलला क्विंटल भरतं. शकुंतलेच्या तिकिटाला दुसरं तिकीट भरत नाही. ज्या तारखेचं, ज्या स्टेशनचं, ज्या कोपऱ्यात दुमडलेलं ते गिऱ्हाइकाला हवं असतं, ते तेच असतं. म्हणून कापूस विकणाऱ्यानं शब्द पाळणं ही पैशाची गोष्ट होते, आणि माझ्या धंद्यात हातात नसलेल्या वस्तूवर शब्द दिला तर तो पाळणं माझ्या हातात उरतच नाही.

आणि संत्र्याच्या धंद्यातही जखमा आहेतच. भाव पडला की इसार सोडून पसार होणारा व्यापारी या भागातल्या कितीतरी घरांनी पाहिला आहे. फळ झाडावरच राहतं, झाडाचा पुढचा बार बिघडतो, आणि शेतकऱ्याच्या हाती तेवढा इसार. भाऊंनी हे स्वतःच सांगितलं आणि कप खाली ठेवला. ते स्वतः पडत्या भावातही माल उचलतात म्हणून गावोगाव त्यांना बसायला सतरंजी मिळते.

कापसाच्या व्यापाराला शिस्त लागली तीही इथंच, वऱ्हाडात. कारंज्याचा बाजार १८८६ साली नियमनाखाली आला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. पुढं उघडा लिलाव आला, काटा तपासला जाऊ लागला, अडत किती घ्यायची ते ठरलं. त्याआधी व्यापारी आणि दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचे आणि बैलगाडीवर बसलेल्या शेतकऱ्याला आपल्याच कापसाचा भाव कळायचा नाही. जुन्या वस्तूंचा व्यापार अजून त्या रुमालाखालीच आहे असं मला वाटतं.

सकाळी ११

अंजनगाव रस्त्याकडचा एक पोरगा येतो अधूनमधून. हुशार आहे, बोलायला गोड, फोनवर बोटं भराभर चालतात. त्यानं आज मला स्वतःची जाहिरात दाखवली. एलिचपूर टांकसाळीचं मुघल काळातलं तांब्याचं नाणं, दोन्ही बाजूंचा फोटो, खाली भाव. फोटो मी ओळखला. तो एका संग्राहकानं नुसता दाखवण्यासाठी टाकलेला होता, विकायला नव्हे.

अचलपूरचं जुनं नाव एलिचपूर. १४९० पासून १५७४ पर्यंत वऱ्हाडच्या इमादशाहीचा इथं मुक्काम, पुढं मुघल, मग निजाम. इथल्या टांकसाळीचं नाव असलेलं नाणं इथल्या माणसाला प्रिय वाटणारच. म्हणूनच गिऱ्हाईक लगेच मिळालं होतं आणि पैसेही आले होते.

“नाणं कुठं आहे?”

“भेटते न काका. दोघातिघाईले बोलून ठेवलं हाय.”

“अन् नाही भेटलं तर?”

“त पैसे वापस. एक रुपया ठेवत नाई मी. यात लबाडी कोनती हाय सांगा बरं?”

प्रश्न त्यानं खरोखरच विचारला होता, म्हणून मीही बसून उत्तर दिलं. पहिली गोष्ट सोपी. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं, आणि पुरावस्तू विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो. माझ्याकडं तो नाही, म्हणून मी त्या रेषेच्या अलीकडचाच माल ठेवतो. दरवर्षी ती रेषा एक साल पुढं सरकते आणि पंचम जॉर्जची आणखी काही नाणी मी विकायच्या डब्यातून काढतो. एलिचपूरचं नाणं कुणी आणलं तर परवानेवाल्या व्यापाऱ्याकडं पाठवतो.

दुसरी गोष्ट त्याला पटवायला वेळ लागला. पैसे परत केले म्हणजे फिटलं, असं सगळेच म्हणतात. आता समजा नाणं त्याला ठरल्या भावापेक्षा स्वस्त मिळालं. तो देईल आणि मधले पैसे ठेवील. समजा महाग मिळालं. तो म्हणेल, स्टॉक संपला, हे घ्या तुमचे पैसे. म्हणजे नफा झाला तर त्याचा, नुकसान होणार असलं तर सौदाच नाही. गिऱ्हाइकाला मात्र माघार घेता येत नाही, त्याचे पैसे आधीच गेलेले असतात. हा एकतर्फी दरवाजा आहे, आणि त्या दरवाज्याची किंमत गिऱ्हाईक नकळत भरतो. तो दोन आठवडे थांबतो, त्या काळात दुसरीकडं तसंच नाणं निघालं तर ‘आपलं झालंय’ म्हणून घेत नाही. ज्याला नाणं हवं होतं त्याला रुपये परत दिले तरी त्याचं नाणं गेलेलं असतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त भिववते. दिलेला शब्द अंगावर आला की माणूस कुठूनही वस्तू आणतो. खोटी नाणी या घाईवरच खपतात. चांदीचा जुना इंग्रजी रुपया ११.६६ ग्रॅम भरतो, झिजला असेल तर थोडा कमी. ओतीव खोट्या नाण्याचं वजन चुकतं, कडेला जोडाची रेघ सापडते, पृष्ठावर बारीक भोकं दिसतात. हे पाहायला काटा लागतो, भिंग लागतं, आणि मुख्य म्हणजे ‘हे नको’ म्हणायची मोकळीक लागते. जो आधीच विकून बसलाय त्याच्याकडं काटा असून उपयोग नाही, कारण काट्यानं नाही म्हटलं तरी त्याला हो म्हणायचं असतं.

हातात नसलेला माल विकणं युरोपात फार मोठ्या प्रमाणावर घडलं होतं. १६३६ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये ट्युलिपचे कंद जमिनीत गाडलेले होते, विकणाऱ्यानं ते कधी पाहिलेलेही नसत, आणि तरी कागदावर या हातातून त्या हातात जात होते. १६३७ च्या फेब्रुवारीत एका लिलावाला घेणारे आले नाहीत आणि भाव कोसळले. आपल्या शेअर बाजारातही हातात नसलेला आणि उसनाही न घेतलेला शेअर विकायला सेबीची मनाई आहे. एवढ्या मोठ्या बाजारांना जो धडा घ्यावा लागला तो एका पोरानं लवकर घेतला तर बरं.

त्यानं विचारलं, “मंग मी करू काय? माह्याजवळ भांडवल नाई. माल घेऊन ठेवाले पैसे कुठून आनू?”

हा प्रश्न खरा आहे. भांडवल नसलेल्या माणसानं धंदा करूच नये असं मी म्हणणार नाही. त्याच्यासाठी अडतीची वाट आहे. ज्याची वस्तू आहे त्याला विचार, त्याची परवानगी घे, त्याचा भाव घे, त्यावर तुझी अडत सांग, आणि जाहिरातीत लिही की वस्तू माझी नाही, मालकाच्या वतीनं दाखवतो आहे. कापूस बाजारातला अडत्या माल स्वतःचा असल्याचं सोंग करत नाही आणि तरी मान राखून पोट भरतो. पोरगा म्हणाला, असं लिहिलं त कोनी घेनार नाई. मी म्हटलं, मग लोक तुझ्याकडून नाणं घेत नव्हते, नाणं तुझ्याजवळ आहे ही समजूत घेत होते. त्यानं माझ्यासमोर त्या गिऱ्हाइकाचे पैसे परत पाठवले. जाहिरात काढली नाही. उद्या पुन्हा बोलीन.

दुपारी साडेबारा

धारणी रस्त्यावरच्या गावातून एक आजी नातवाबरोबर आल्या. पदराच्या गाठीत पाच रुपयांची नोट, ट्रॅक्टरची. या नोटेला लाखो रुपये मिळतात असं नातवानं फोनवर पाहिलं होतं, आणि ‘घेणाऱ्यानं’ फाइलचा खर्च म्हणून दोन हजार आधी मागितले होते.

हा व्यवहार पोराच्या उलट बाजूचा आहे, पण जात तीच. तो नसलेलं नाणं विकतो, फोनवरचे हे ‘घेणारे’ नसलेलं गिऱ्हाईक विकतात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीविक्रीसाठी बँकेचं नाव वापरून कुणी शुल्क, कमिशन किंवा कर मागत असेल तर तो फसवतो आहे. बँक असा व्यवहार करत नाही आणि कुणाला अधिकारही दिलेला नाही. वैष्णोदेवीचं चित्र असलेली पाच-दहाची नाणी, शेवटी ७८६ असलेल्या नोटा, या सगळ्यांच्या नावानं हेच चालतं.

“आजी, ही नोट चांगली आहे. पाच रुपयांची आहे. दुकानात चालते.”

“लाख नाई भेटत?”

“नाही भेटत.”

“बरं झालं बाप्पा, दोन हजार वाचले,” म्हणून त्या उठल्या. नातू मात्र रुसला. त्याला मी माझ्याकडची ट्रॅक्टरवाली गड्डी दाखवली, की बघ, एवढ्या आहेत. मग तो हसला.

दुपारी २

जेवण. सोले-वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर. पंधरा मिनिटं.

दुपारी ३

फोनवर एक अनोळखी आवाज. अचलपूरच्या एका पडक्या वाड्याचा पाया खोदताना मडक्यात नाणी निघाली. मी किती देईन? आणि कुणाला बोलू नका.

इथं तर विकणाराच मालक नाही आणि मी घेतलं तर मीही होणार नाही. १८७८ चा निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा निधी कलेक्टरला कळवावा लागतो. लोक घाबरतात की कळवलं की सगळं सरकार नेईल. पण खरा मालक पुढं आला नाही तर सापडणाऱ्याला आणि जागामालकाला वाटा देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे, आणि लपवणाऱ्याचा वाटा जप्त होतो हेही त्यातच आहे. मी त्याला एवढंच सांगितलं की मडकं आहे तसं ठेवा, नाणी घासू नका, चिंचेनं तर अजिबात नाही, आणि तहसीलला जाऊन कलेक्टरच्या नावानं लेखी द्या. एकत्र सापडलेली नाणी एकत्र राहिली तर त्या गावाचा इतिहास सांगतात. दहा घरांत वाटली गेली की नुसतं तांबं उरतं. त्यानं ऐकलं का ते माहीत नाही, फोन ठेवला.

दुपारी साडेचार

आजचं मोठं काम हे. बिच्छन नदी ओलांडून अचलपूरला गेलो, त्या तिकिटांच्या घरी.

शकुंतला म्हणजे अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी. किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडचा कापूस मुंबईकडं न्यायला ती उभी केली. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन ओढत होतं, मग डिझेल आलं, आणि आता गाडी बंद आहे. गंमत अशी की गाडी आपली रेल्वे चालवायची आणि रूळ मात्र स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं कंपनीच्या मालकीचे राहिले. आपली म्हणून ज्या गाडीत आम्ही बसलो, तिच्या मालकीचा प्रश्न लोकसभेपर्यंत गेला. या गाडीवर इथल्या माणसांचं प्रेम आहे आणि बाहेरच्या रेल्वेवेड्यांचंही. पुण्याच्या एकानं तिकिटांच्या पेटीला न पाहताच सहा हजार देऊ केले आहेत, आणि बयाणा पाठवायची त्याची घाई चालली आहे.

त्या घरातल्या काकूंचे यजमान या लाइनवर नोकरीला होते. काकूंनी पत्र्याची पेटी पुढ्यात ठेवली. पुठ्ठ्याची, पंच केलेली प्रवासी तिकिटं, दोन पास, एक शिटी, आणि दोऱ्यानं बांधलेली एक गड्डी, कोरी, कधीच न विकलेली. ती गड्डी मी वेगळी काढली. कोऱ्या तिकिटांचे पैसे कुणी भरलेलेच नाहीत, ती रेल्वेची. काकूंना तसं सांगितलं. “मंग ती मी रेल्वेतच देऊन टाकते,” म्हणाल्या.

आता भावाचं. या क्षणी माझ्यासारख्या माणसाची परीक्षा होते. मी जर पुण्याकडून बयाणा घेऊन आलो असतो तर सहा हजार माझ्या खिशात, आणि काकूंसमोर मी निवांत बसून म्हणू शकलो असतो, “जुनी कागदं हो, दोन हजार देतो.” त्यांना ते खूप वाटले असते.

पण मधले ते चार हजार मी कुठल्या नावानं घेतले असते? व्यापारी नफा घेतो तो धोक्याचा. मी स्वतःच्या पैशानं पेटी घेतली, कपाटात ठेवली, पाच वर्षं कुणी विचारलं नाही, उंदरानं कुरतडली, तर नुकसान माझं. म्हणून विकली गेली तर नफा माझा, कितीही असो, आणि त्याबद्दल मला संकोच नाही. ज्ञानाचेही पैसे असतात. कुठलं तिकीट दुर्मीळ हे कळायला वर्षं लागतात. पण गिऱ्हाईक आधी बांधून मग मालकाकडं जाणाऱ्याचा धोका शून्य असतो. त्यानं केलेलं काम दोन माणसांची गाठ घालण्याचं, आणि त्या कामाला आपल्याकडं ठरलेला मोबदला आहे, अडत. १८७२ च्या करार कायद्याचं २१६ वं कलमही हेच सांगतं की दुसऱ्यासाठी काम करणाऱ्यानं त्याला न कळवता त्याच कामात स्वतःचा सौदा साधला, तर तो फायदा मूळ माणूस मागून घेऊ शकतो. मालाआधी विकण्यातलं खरं पाप मला गिऱ्हाइकाच्या बाजूला कमी आणि या बाजूला जास्त दिसतं. गिऱ्हाईक निदान स्वतः बाजारात उतरलेला असतो. काकू बाजारात नव्हत्या, बाजार त्यांच्या घरी चालून गेला होता.

मी सांगितलं, पुण्याचे एक जण सहा हजार म्हणतात, न पाहता. पाहिल्यावर कमी-जास्त करतील. माझी अडत शंभराला दहा.

काकू थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिल्या. “तुमी मले दोन हजार म्हटले असते त मी देऊन देल्ले असते न.”

“हो काकू.”

“मंग सांगतलं कायले?”

मी म्हटलं, पेटी तुमची आहे. याहून मोठं काही मला सुचलं नाही, आणि याहून मोठं कारण आहे असं मला वाटतही नाही. काकूंनी चहा केला. मग यजमानांच्या गोष्टी सांगितल्या, रात्रीच्या ड्युटीच्या, पावसात गाडी अडकायची तेव्हा डबा घेऊन रुळावरून चालत गेल्याच्या. त्या ऐकताना लक्षात आलं की विकायचं त्यांचं अजून पक्कं नाही. मुलगा शनिवारी येतो, त्याला विचारून सांगणार. हाही फरक पडतो. विकून बसलेल्या माणसाला ‘अजून पक्कं नाही’ हे वाक्य सोसत नाही. तो भाव वाढवतो, घाई करतो, दुसरं कुणी घेणार नाही अशी भीती घालतो. माझ्यावर कुणाचं ओझं नसल्यामुळं मी दुसरा कप घेतला.

संध्याकाळी ७

दुकानात परत. अमरावतीच्या संग्राहकानं नोटा पाठवल्या नाहीत, मन बदललं म्हणाला. ज्या गिऱ्हाइकाला त्या हव्या होत्या त्याला एका ओळीत कळवलं. त्याचे पैसे माझ्याकडं नसल्यामुळं त्यानं ‘बरं, पुढं बघू’ एवढंच उत्तर दिलं.

पोराचा निरोप होता. जाहिरातीखाली त्यानं एक ओळ घातली होती, ‘नाणं मालकाकडे आहे, विचारून सांगतो.’ पुरेसं नाही. मालकाला विचारलंच नाहीये, आणि परवान्याचा प्रश्न तसाच. सकाळी दुकानात ये असं कळवलं.

रात्री ८

पुण्याला फोन लावला. पेटीत काय आहे ते सांगितलं, कोरी गड्डी विक्रीत नाही हे सांगितलं, आणि घरच्यांना तुमचा भाव कळवला आहे हेही. ते जरा वैतागले. “तुम्ही भाव सांगून टाकलात? आता ते वाढवतील.” वाढवू शकतात, त्यांचा हक्क आहे. मग म्हणाले, निदान बयाणा तरी घ्या, म्हणजे दुसऱ्याला जाणार नाही. बयाणा घेऊन मी काय राखून ठेवणार? जे माझं नाही ते राखण्याचा अधिकार मला कुणी दिलेला नाही.

“मग त्या काकूंचा नंबर द्या, मीच बोलतो.”

हे म्हणजे माझी अडत जाण्याचीच शक्यता. तरी काकूंना फोन करून विचारलं, नंबर देऊ का. “शनिवारी पोरगा येते, मंग द्या,” त्या म्हणाल्या. पुण्याला तसं कळवलं. काकूंना एवढं सांगून ठेवलं की मुलगा आला की प्रत्येक तिकिटाचे दोन्ही बाजूंनी फोटो त्याच्याकडून काढून घ्या, तिकिटावर दाबून उठवलेली तारीख आणि स्टेशनचं नाव दिसेल असे. पुण्याचे गृहस्थ भाव पाडायला लागले तर तारीख पाहून बोलता येईल, आणि वाटलं तर नागपूर-मुंबईच्या आणखी दोघांना विचारता येईल. त्यांची नावं मी लिहून देतो.